पहिले गिऱ्हाईक : पाबळच्या विज्ञान आश्रमाची वाटचाल

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की धायरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात मोटारसायकली थांबू लागतात. दोन-तीन मुले उतरतात. गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र, हातात फोन, फोनवर कुठल्याशा यंत्राचे चित्र. "काका, असं करून मिळेल का? सबमिशन पंधरा दिवसांवर आलंय." मी विचारतो, हे यंत्र वापरणार कोण? मुले एकमेकांकडे पाहतात. शेवटी त्यातला एक जण खरे ते सांगून टाकतो, "गाइडना दाखवायचंय."

त्या मुलांवर रागावण्याचा मला अधिकार नाही. मीही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असाच बाहेरून करून आणला होता. परीक्षकांनी तो पाच मिनिटे पाहिला, गुण मिळाले आणि यंत्र जिन्याखाली जाऊन पडले. पुढे ते भंगारात गेले. चार वर्षांच्या शिक्षणात माझ्या हातून घडलेल्या त्या एकमेव वस्तूला एकही गिऱ्हाईक नव्हते. ती चालते की नाही, हे विचारायला कोणी परत आले नाही. धंद्यात पडल्यावर पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक वाकडी बसलेली खिडकीची जाळी खांद्यावर टाकून परत घेऊन आले. खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

विद्यार्थ्यांना उद्योगाची ओळख कशी करून द्यावी, हा या स्मरणिकेचा विषय. संपादकांनी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी पाबळचा विज्ञान आश्रम निवडला. धायरी ते पाबळ हे अंतर थोडेथोडके नाही. आपण सिंहगड रस्त्याच्या कडेला, पाबळ शिरूर तालुक्यात, पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर. आश्रमाचा अभ्यासक्रम मुळात शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलामुलींसाठी आखलेला आहे, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. तरीही शिकणाऱ्याच्या पुढ्यात खरे गिऱ्हाईक कसे आणावे, या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यात इतका दीर्घ आणि इतका चिकाटीचा प्रयोग दुसरा झालेला मला माहीत नाही.

पूर्वपीठिका

हाताने काम करत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र देऊन हजारो गरीब मुलांना कॉलेजपर्यंत पोहोचवले. त्याही आधी लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात आले, सायकलींच्या धंद्यात शिरले आणि तिथून लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडेसे नांगर खपायलाच त्यांना दोन वर्षे लागली. १९१० साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आपण कौतुकाने सांगतो. त्यामागची ती दोन वर्षे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

स्वातंत्र्यानंतर हा धागा पुढे नेणाऱ्यांत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक यांचे नाव अग्रभागी आहे. जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शालेय शिक्षणात 'कार्यानुभव' असावा, ही शिफारस याच आयोगाची. ती शिफारस शाळेत पोहोचेपर्यंत तिचे काय झाले, हे आपल्या पिढीने अनुभवले आहे. कागदाची फुले, खडू आणि मेणबत्त्या. कामाचा तास होता, पण त्या कामाची कोणाला गरज नव्हती. नाईक दांपत्याने १९४८ साली सुरू केलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे पुण्यात आली. विज्ञान आश्रम सुरू झाला तो याच संस्थेचे एक केंद्र म्हणून.

संस्थापक

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांचा जन्म १९२८ सालचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली. परतल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि त्यानंतर हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात त्यांनी काम केले. तिथे ते अभियांत्रिकी विज्ञान विभागाचे प्रमुख होते. १९८२ साली ते त्या नोकरीतून बाहेर पडले. वय पन्नाशी ओलांडलेले, हाताशी नाव, अनुभव आणि मुंबईतले सुखाचे घर. एखाद्या कंपनीचा सल्लागार होऊन राहणे सहज शक्य होते. त्यांनी पत्नी मीराताईंसह पाबळची वाट धरली.

पाबळ हे पर्जन्यछायेतले गाव. इतिहासाच्या वाचकाला ते मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. पाऊस बेभरवशाचा, शेती त्याच्यावर टांगलेली, आणि दहावीच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या मुलांची संख्या मोठी. शहराच्या कुशीत नसलेल्या अशा गावात जे जमेल ते इतरत्रही जमेल, असा शास्त्रज्ञाचा हिशेब त्यामागे होता. १९८३ साली विज्ञान आश्रमाचे काम सुरू झाले.

नावामागेही विचार होता. विज्ञान म्हणजे सत्याचा शोध आणि आश्रम म्हणजे साधी राहणी, उच्च विचार. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जसा प्रश्न घेऊन काम करतो, तसे मुलांनी गावाचे प्रश्न घेऊन काम करावे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. मूल जन्मल्यापासून चालायला, बोलायला, वस्तू हाताळायला शिकते ते प्रत्यक्ष जगाशी झटापट करून. हात चालतो तेव्हा मेंदू चालतो. शाळेत आले की मात्र आपण त्याला बाकावर बसवतो आणि हात बांधून टाकतो. डॉ. कलबाग यांना हा निसर्गक्रम शाळेत परत आणायचा होता. विकासातून शिक्षण आणि शिक्षणातून विकास, हे त्यांच्या सगळ्या मांडणीचे सूत्र.

या सूत्राचा अर्थशास्त्राशी थेट संबंध आहे. शिकणारी मुले गावाला लागणारी सेवा देतील, गाव त्या सेवेचे दाम देईल आणि त्यातून शिक्षणाचा काही खर्च निघेल. गावाला नवे तंत्र मिळेल, मुलांना सराव मिळेल. शाळेतली शेगडी, खुर्ची, गेट, रोपे हे मग गुणांसाठी केलेले नमुने राहत नाहीत. त्यांना किंमत येते आणि किंमत आली की जबाबदारी येते.

चार विभाग, एक वर्ष

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका. एक वर्ष तिथेच राहायचे आणि आळीपाळीने चार विभागांत काम करायचे : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असण्याची अट नाही. शाळेने नापास ठरवलेली मुले इथे वेल्डिंग, बांधकाम, घरातले वायरिंग, रोपवाटिका, कोंबडीपालन, अन्नप्रक्रिया, रक्तगट तपासणी, जमिनीची मोजणी असे सगळे हाताने करतात. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने या अभ्यासक्रमाला मान्यता दिली.

एकच कौशल्य का नाही, असा प्रश्न सुरुवातीपासून विचारला गेला. त्याचे उत्तर खेड्याच्या बाजारपेठेत आहे. ज्या गावात महिन्याला दोनच मोटारी जळतात, तिथे नुसत्या मोटार रिवाइंडिंगवर घर चालत नाही. त्याच माणसाला पाइप जोडता आला, दाराची चौकट बसवता आली, ठिबकची जोडणी करता आली, तर त्याचा महिना भरतो. गावातला उद्योजक हा बहुधा चार हातांचा असतो. आमच्या धायरी-नऱ्हे भागातला छोटा कारखानदारही काही वेगळा नाही. सकाळी तोच कोटेशन काढतो, दुपारी लेथवर उभा राहतो, संध्याकाळी वसुलीला जातो आणि रात्री जीएसटीचे आकडे जुळवतो.

या वर्षभरात मुलांना रोज दोन गोष्टी लिहाव्या लागतात. एक दैनंदिनी : आज काय केले, काय चुकले, त्यामागचे शास्त्र काय. दुसरा प्रत्येक कामाचा खर्च. ही दुसरी वही मला आश्रमाच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

हिशेबाची वही

समजा, एका गिऱ्हाइकाला लोखंडी टेबलाचा सांगाडा हवा आहे. लांबी १ मीटर, रुंदी ०.६ मीटर, उंची ०.७५ मीटर. वरची चौकट ३.२ मीटर, खालची आधाराची चौकट ३.२ मीटर, चार पाय मिळून ३ मीटर. एकूण ९.४ मीटर अँगल. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अँगल मीटरला सुमारे १.१ किलो भरतो. म्हणजे वजन झाले १०.३४ किलो. किलोला ७० रुपये दर धरला, तर मालाचे ७२४ रुपये. अभियांत्रिकीचा विद्यार्थी इथे थांबतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो.

आता तो अँगल आणायला पाठवा. दुकानात ९.४ मीटर मिळत नाही, ६ मीटरचे बार मिळतात. दोन बार घ्यावे लागतात : १२ मीटर, १३.२ किलो, ९२४ रुपये. वहीतला आणि पावतीतला फरक २०० रुपये. मग खडू घेऊन जमिनीवर कापण्याचा क्रम मांडायचा. पहिल्या बारमधून १ मीटरचे चार आणि ०.६ मीटरचे तीन तुकडे निघतात, उरतात २० सेंटिमीटर. दुसऱ्यातून ०.६ मीटरचा एक तुकडा आणि चार पाय निघाले की २.४ मीटरचा सलग तुकडा हातात राहतो. क्रम चुकला, तर हाच उरलेला माल आखूड तुकड्यांत विखुरतो आणि त्याचे भंगार होते. नीट मांडला, तर तो पुढच्या कामाला येतो.

त्या २.४ मीटरचे पैसे या गिऱ्हाइकाकडून घ्यायचे की नाही? त्यावर वेल्डिंगचे रॉड, कटिंग व्हील, वीज, रंग, आपली मजुरी, मशिनचा घसारा आणि टेम्पोभाडे चढते. पाबळच्या मुलाला हे सारे लिहून काढावे लागते. एवढे लिहिल्यावर त्याला कळते की नफा ही शेवटी उरणारी रक्कम नसून आधी विचारपूर्वक ठरवावी लागणारी गोष्ट आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकातले खर्च-लेखन, साठा आणि किंमत-निश्चिती हे तीन धडे त्या एका सांगाड्यात आहेत.

पासष्ट पट्ट्यांचा घुमट

आश्रमाची ओळख ठरलेली दुसरी गोष्ट म्हणजे पाबळचा घुमट. त्रिकोणांच्या जाळ्यातून उभा राहणारा हा गोल सांगाडा. त्यावर जाळी बांधून सिमेंटचा थर दिला की मधे एकही खांब नसलेली खोली तयार होते. तुळई नाही, लाकूड नाही, आणि वजन सगळीकडे वाटले जाते.

अशा घुमटाचे भूमितीय गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याजोगे आहे. त्याच्या सोप्या प्रकारात अर्धगोलाला फक्त दोन लांबीच्या ६५ पट्ट्या लागतात : ३५ लांब आणि ३० आखूड. लांब पट्टी त्रिज्येच्या ०.६१८ पट, आखूड ०.५४७ पट. ३ मीटर त्रिज्या घेतली, तर एक १.८५ मीटरची आणि दुसरी १.६४ मीटरची. ६ मीटरच्या एका बारमधून दोन्ही प्रकारच्या तीनच पट्ट्या निघतात. म्हणजे ६५ पट्ट्यांना २२ बार. खालून एकेक कडे जोडत वर जायचे. एखाद्याने दहा पट्ट्या बोटभर आखूड कापल्या, तर पहिली दोन कडी बिनतक्रार बसतात. तिसऱ्या कड्याला बोल्टची भोके जुळेनाशी होतात आणि सगळ्यात वरचा पंचकोन काही केल्या मिटत नाही.

इथे गुण कापायला परीक्षक लागत नाही. घुमट स्वतःच सांगतो. मग मुलांना खाली उतरून, बोल्ट सोडून, एकेक पट्टी पुन्हा मोजत चूक शोधावी लागते. गटात काम करणे, मोजमापाची शिस्त, चुकीची किंमत वेळेत मोजणे हे सारे तिथे शिकून होते. असा घुमट कोणाच्या शेतावर, कोणाच्या शाळेत बांधायचा असेल, तर कामाची तारीखही पाळावी लागते, कारण पलीकडे वाट पाहणारा माणूस असतो.

पाण्याचा अंदाज आणि शब्दाची किंमत

दुष्काळी गावाला सगळ्यात महागडा प्रश्न पडतो तो बोअर कुठे मारायची हा. कर्ज काढून शेतकरी बोअर मारतो आणि ती कोरडी गेली की वर्षभर सावरत नाही. आश्रमाने भूगर्भातील विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घेण्याचे तंत्र मुलांना शिकवले. जमिनीत एका रेषेत, सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोनमध्ये विद्युतदाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत गेले की अधिक खोलीची माहिती मिळते. आपल्या दख्खनच्या घट्ट काळ्या पाषाणाचा रोध जास्त, झिजलेल्या आणि पाणी धरलेल्या थराचा कमी. आकडे आलेख-कागदावर मांडले की कुठे थर बदलतो ते दिसू लागते.

तंत्र विद्यापीठातले, गिऱ्हाईक शेतकरी आणि मोजणारा मुलगा शाळेत नापास झालेला. या सेवेचे पैसे घेतले जात. पैसे घेतले म्हणजे शब्द दिला. अंदाज चुकला, तर तोच शेतकरी बाजारच्या दिवशी समोर भेटणार. त्यामुळे या मुलांना आपला अंदाज किती खात्रीचा आहे हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगण्याची सवय लावावी लागते. व्यवसायातला प्रामाणिकपणा भाषण देऊन शिकवता येत नाही. तो अशा प्रसंगांत अंगी मुरतो.

जुन्या जीपचे सुटे भाग वापरून छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा लहान ट्रॅक्टर बनवण्याचा प्रयोगही आश्रमात झाला. मेक-बुल हे त्याचे नाव. मोठ्या कारखान्याची वाट न पाहता, तालुक्याच्या गॅरेजमध्ये जे मिळते त्यातून यंत्र उभे करायचे, ही दृष्टी त्यामागे होती.

शाळेत आलेला कारागीर

आश्रमाच्या आवारात दरवर्षी शिकून शिकून किती मुले शिकणार? म्हणून हाच विचार नेहमीच्या शाळांत नेण्याचा मार्ग शोधला गेला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस मुले त्याच चार विभागांची कामे करतात. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून स्थान दिले. पुढे लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थांच्या साथीने हा कार्यक्रम शंभरावर शाळांत पोहोचला.

या कार्यक्रमातला एक निर्णय मला फार धाडसी वाटतो. शिकवायला बी.एड. झालेला शिक्षक शोधण्याऐवजी गावातला वेल्डर, वायरमन, नर्सरीवाला, शिवणकाम करणारी ताई यांना शाळेत बोलावले गेले. एक दिवस शाळेत, उरलेले दिवस आपला धंदा. मुलांपुढे जो उभा राहतो तो उद्योजकतेवर बोलत नाही, तो उद्योजक असतो. त्याच्या शर्टावर वेल्डिंगच्या ठिणगीची भोके असतात. काल कोणी पैसे बुडवले, परवा कोणते काम मिळाले, हे त्याच्या बोलण्यात ओघाने येते. मुलांना धंदा म्हणजे काय, हे त्या बोलण्यातून कळते.

शिकून झालेल्या तरुणांनाही आश्रमाने लगेच दाराबाहेर काढले नाही. आश्रमातलेच वर्कशॉप, जागा आणि साधने वापरून स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा, ऑर्डरी घ्यायच्या, नव्या मुलांना शिकवायचे आणि पाय रोवले की आपल्या गावी जायचे, अशी वाट त्यांना मोकळी ठेवली. आज विद्यापीठांत 'इन्क्युबेशन सेंटर' या नावाने जे उभे राहते आहे, त्याचे बीज पाबळमध्ये बिनबोभाट रुजले होते.

फॅब लॅब आणि विद्यापीठाची वाट

२००२ साली आश्रमाच्या इतिहासाला मोठे वळण मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी 'फॅब लॅब' ही कल्पना मांडली. संगणकावर काढलेले चित्र थेट यंत्राला देऊन वस्तू घडवणारी, कोणालाही वापरता येईल अशी छोटी कार्यशाळा. त्या संस्थेच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. लेझर कटर, छोटी मिलिंग मशीन, सर्किट बनवण्याची साधने शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात आली, कारण तिथे ती वापरायला प्रश्न तयार होते.

डॉ. कलबाग यांचे २००३ साली निधन झाले. संस्थापक गेल्यावर संस्था ओसरते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. विज्ञान आश्रमाचे तसे झाले नाही. अभियंता असलेले योगेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले आणि त्याला नवे अंग जोडले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या डिझाइन इनोव्हेशन सेंटरशी आश्रम जोडला गेला. अभियांत्रिकीचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी पाबळला येऊ लागले. अंडी उबवण्याचे यंत्र, सौर वाळवणी, सांडपाण्यावरची प्रक्रिया, ओल्या कचऱ्याचे खत असे खेड्यातले विषय त्यांच्या पुढ्यात आले.

उबवणी यंत्राचेच उदाहरण घ्या. कागदावर ते एक उष्णता-नियंत्रक पेटी आहे. प्रत्यक्षात कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, हवेत ओलावा लागतो, आणि दिवसातून अनेकदा अंडे फिरवावे लागते. सेन्सर कितीही अचूक असला, तरी गावातली वीज पाच तास गेली तर काय? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाही. तो कोंबड्या पाळणारी बाई विचारते. एकविसाव्या दिवशी पिल्ले किती निघाली, यावर ती यंत्राचे मोल ठरवते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला मिळू शकणारा याहून चोख परीक्षक कोणता?

आपल्यापाशी काय आहे

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांत नवोपक्रम आणि नवउद्योगांना पाठबळ देण्यासाठी स्वतंत्र संचालकाचे पद आणले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले. कॉलेजाकॉलेजांत उद्योजकता कक्ष उघडले आहेत, कल्पनांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात. हे सारे स्वागतार्ह आहे. दारे उघडली आहेत. पण दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी गुंतवणूकदारापुढे कसे बोलावे हे शिकवण्याची घाई होते. गिऱ्हाइकापुढे कसे उभे राहावे, हा धडा मात्र मागे पडतो.

पाबळने चाळीस वर्षे उलटा क्रम पाळला. आधी गावातली गरज, मग हाताने केलेले काम, मग त्याचा हिशेब, मग घेतलेले दाम आणि शेवटी त्या दामाची जबाबदारी. एवढ्यातून जो गेला, त्याला उद्योजकतेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आपल्या धायरीकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? २०१७ साली गाव महापालिकेत आले. शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. धारेश्वराच्या डोंगरावरून खाली पाहिले की घरांच्या गच्च्यांच्या मधे पत्र्याची छपरे दिसतात. त्या छपरांखाली टर्निंग, सीएनसी, शीट मेटल, पावडर कोटिंग, फर्निचर, खाद्यपदार्थ असे कितीतरी छोटे उद्योग चालतात. वडगाव, नऱ्हे, आंबेगाव इथल्या कॉलेजांत शिकणारी हजारो मुले याच रस्त्यांवरून जातात आणि याच गल्ल्यांत खोल्या घेऊन राहतात. पाबळला जे उभे करावे लागले, ते आपल्या दारात आयते आहे. विद्यार्थी आहेत, कारागीर आहेत, आणि प्रश्नही आहेत : पाण्याचे टँकर, सोसायट्यांचा ओला कचरा, छोट्या कारखान्यांची वाढती वीजबिले, कामगारांच्या डब्यांची सोय. यातला एकेक प्रश्न हे एकेक गिऱ्हाईक आहे. ते कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे आहे.

आम्ही वर्कशॉपवाल्यांनी आपल्या परीने एक गोष्ट सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. प्रकल्प मागायला आलेल्या मुलांना यंत्र करून देऊ नये आणि हाकलूनही देऊ नये. त्यांना एक खरे काम द्यावे, ज्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. माझ्याकडे यंदा आलेल्या तिघांना मी शाळेच्या एका टेबलाचे माप दिले आणि हातात खडू व टेप दिला. त्यांनी वजन काढले, दर विचारला, कोटेशन लिहिले आणि थाटात माझ्यापुढे ठेवले. मी त्यांना अँगल आणायला पाठवले. तासाभराने परत आले ते दोन अख्खे बार टेम्पोवर घालून, आणि त्यातली मुलगी दारातूनच म्हणाली, "काका, आमचा हिशेब चुकलाय. उरलेल्या तुकड्याचं काय करायचं?"

मी तिला बसायला स्टूल दिले.